कापसाच्या तेजीत गेलेली किनार

वऱ्हाडात तेव्हा सोन्याचा धूर निघत होता, असं हल्ली जो तो सांगतो. अमेरिकेत गोरे आपापसात लढायला लागले, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि आपल्या काळ्या मातीतल्या बोंडाला असा भाव आला की लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. खोटं नाही, मीही त्या शेंब्या पाहिल्या आहेत. आता दिवाळीच्या अंकासाठी त्या वैभवाच्या आठवणी पाहिजेत म्हणून शेजारचे मास्तर माझ्यासमोर दौत-लेखणी घेऊन बसले आहेत. मी त्यांना आधीच सांगितलं, वैभव ऐकायचं तर अडत्यांच्या नातवंडांकडे जा. मी अमरावतीच्या कोष्टीआळीतली सांधणीवाली, मला त्या काळाचं काडीचं कौतुक नाही. मास्तर म्हणाले, जे असेल ते सांगा. माझं 'मले' ते 'मला' करून लिहितात. लिहू देत, तेवढ्यानं मजकूर काही गोड होणार नाही.

सांधणी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आजच्या पोरींना लुगडं झाडाला लागतं असं वाटत असेल. लुगडं विणायला आधी मागावर उभे धागे ताणून घ्यावे लागतात, त्याला ताणा म्हणतात. ताण्याचा एकेक धागा आधी वईच्या फासातून आणि मग फणीच्या दातातून ओवलेला असतो. वई म्हणजे दोऱ्याच्या फासांची ओळ. पायाखालची पट्टी दाबली की ती वर-खाली होते आणि आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला जायला वाट मिळते. कुठला धागा कुठल्या फासात, यावर किनारीचं फूल ठरतं. लुगडं पुरं झालं की विणकर ते कापून काढतो, पण सगळी सुतं काढत नाही. फणीत आणि वईत अडकलेली हातभर सुतं तशीच राहू देतो. त्यांना आम्ही दशा म्हणायचो. नवा ताणा आला की त्याचा एक धागा घ्यायचा, दशीचा एक घ्यायचा, बोटांना राख लावून दोघांना पीळ द्यायचा आणि पुढच्याला हात घालायचा. असे शेकड्यांनी. सगळे सांधून झाले की हळूच ओढायचं, म्हणजे नवं सूत जुन्याच्या मागोमाग फासांतून नि दातांतून आपोआप बाहेर येतं.

हे काम बाईचं. पुरुष धोटा फेकतो आणि विणकर म्हणून मिरवतो. त्याच्या बायकोनं सूत रहाटावर भरलेलं असतं, ज्वारीची खळ शिजवून ताण्याला पाजलेली असते, आणि सांधणी करता करता मान मोडून घेतलेली असते. तिला कोणी विणकर म्हणत नाही. माझ्या पिळाचा धागा फणीत येऊन तुटला असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आळीतल्या दुसऱ्या घरच्या बायकाही अडलं की मला बोलवायच्या, आणि मी गेल्यावर आपली बोटं पदराखाली लपवायच्या.

आमच्या घरची किनार तीळफुली. तिळाच्या फुलासारखं लांबट, तोंडाशी उमललेलं फूल, आणि दोन फुलांमध्ये बारीक वेल. लग्नाच्या बस्त्यात ती असावी म्हणून लांबलांबची माणसं यायची. ती किनार माझ्या सासूनं माहेराहून आणली होती. म्हणजे पेटीत घालून नव्हे, बोटांत. नवीन लग्न होऊन आल्यावर तिनं सगळी वई एकटीनं ओवली होती म्हणे. मी आले तेव्हा ते काम होऊन जमाना लोटला होता. पुढं ती पटकीत गेली. वई कशी ओवायची ते मी तिला कधी विचारलं नाही, कारण विचारायची गरजच नव्हती. सांधत राहिलं की फूल उमटत राहायचं. त्या फुलाचा हिशेब कुणाच्याच डोक्यात नव्हता, तो मागावर होता. आमच्या घरच्या चुलीवर जे शिजायचं ते त्या किनारीमुळे शिजायचं, आणि तरीही तीळफुली लुगडं मी कधी नेसले नाही. आम्ही विणायचं आणि नेसायचं दुसऱ्यांनी, असाच रिवाज होता. आमच्या अंगावर जाडंभरडं असायचं.

तर मग ती सोन्याची वर्षं आली. पहिल्यांदा काय झालं तर सूत मिळेनासं झालं. आमच्या तीळफुलीचं बारीक सूत महारवाड्यातली चंद्री कातायची. तिच्यासारखं सूत आख्ख्या बाजारात नव्हतं. तिचं सूत आमच्या माजघरात चालायचं आणि ती मात्र उंबऱ्याबाहेर उभी राहायची, हेही मास्तरांनी लिहून ठेवावं. एक दिवस ती रिकाम्या हातानं आली.

"कापूस भेटत नाही, बाई," ती म्हणाली. "ज्याच्या वावरात वेचाले जातो तो मजुरीत कापूस देत नाही आता. पैसे घे म्हन्ते. पैसे कातू का मी?"

पुढं ती सरकी काढायच्या रेच्यावर मजुरीला गेली. दिवसभर लाकडी दांडा फिरवायचा, बस. ज्या बोटांतून केसासारखं सूत निघायचं त्या बोटांना घट्टे पडले. आणि लोक म्हणत, बघा, महारवाड्यातल्या बायांच्याही हातात रोख पैसा खेळायला लागला. खेळत असेल. पण जिला येतं ते काम सोडायला लावून जिला-तिला येईल ते काम दिलं, याला बरकत म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

त्याच सुमाराला एक पाटलीण आली. गाव सांगत नाही, तिची नातवंडं वकील झाली आहेत. दारात रेंगी उभी राहिली, बैलांच्या गळ्यात घुंगरं, बाईच्या अंगावर एवढं सोनं की तिला खाली उतरताना धरावं लागलं.

"कोष्टीन, पोरीचं लगन हाय," ती म्हणाली. "तीळफुली पायजे. चांगली ठसठशीत. पैशाचं बोलू नको."

"सूत आना, विनून देऊ," मी म्हटलं.

"सूत मायाजोळ कुठचं?"

"वावरात कापूस हाय ना तुमच्या. घरी ठेवला असंन थोडा."

"तो तं सारा इकला. गाद्या उसवून त्यातला बी इकला. जुना कापूस बी चालते त्याइले, भाव भारी हाय."

"मंग झोपता कायच्यावर?"

"कडब्यावर," ती म्हणाली. लाज नाही, काही नाही. उलट मान वर करून सांगते, "पन पलंग शिसवीचा घेतला. नागपूरहून आनला."

शिसवी पलंगावर कडबा टाकून झोपणारी बाई मी तेव्हा पाहिली. आजही कोणी वऱ्हाडाच्या त्या श्रीमंतीचं वर्णन करायला लागलं की माझ्या डोळ्यांसमोर तो पलंग येतो. घरी कापसाचे ढीग पिकतात आणि पोरीच्या लग्नाला लुगडं नाही, यात काही चुकतं आहे असं तिला वाटलंही नाही. तिनं पोरीसाठी विलायती कापड घेतलं. तेही आपल्याच कापसाचं असणार, फक्त दोनदा समुद्र ओलांडून आलेलं.

आता हरबाजीबद्दल सांगायला हवं. हा आमच्याच आळीच्या टोकाला राहायचा. आमची लुगडी गाठोड्यात बांधून जत्रांतून विकायचा. तीळफुलीवर त्याचं पोट, त्याच्या बापाचंही. तेजी येताच त्यानं गाठोडं फेकलं आणि कापसाची दलाली धरली. वर्ष उलटायच्या आत लोक त्याला शेट म्हणायला लागले आणि तोही मान हलवायला लागला. एकदा दारावरून जाताना माझ्या सासऱ्यांना म्हणतो कसा, "मामाजी, आता लुगड्यात काय हाय? रुईत हात घाला, रुईत."

सासरे ओट्यावर बसून धोटा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग लोकं रुई लावून फिरतीन का अंगाले?"

हरबाजी हसला. सारं गाव त्याच्या बाजूनं होतं.

माग रिकामे पडले. आमचे हे दिवसा दिवसा झोपायला लागले, आणि विणकर दिवसा झोपतो तेव्हा घरात काही शिल्लक राहिलेलं नसतं. आणि मग गंमत अशी झाली की शेटलोकांचंच गाडं अडलं. अकोल्याला रुईचे डोंगर साठले. आगगाडी अजून तिथवर आलेली नव्हती, बैलबंड्यांतून रुई पश्चिमेकडे न्यायची, पण न्यायची कशात? रुई उघडी नेता येत नाही. तिला बारदान लागतं, ते शिवायला सुतळी लागते, बांधायला दोर लागतो. हे सगळं करणारा माणूस कुठं होता? तोही रुईच्या दलालीत नाहीतर रेच्यावर गेला होता. साऱ्या मुलखात कापूसच कापूस, आणि तो गुंडाळायला कापड नाही. एवढ्या शहाण्या माणसांच्या हे आधी लक्षात आलं नाही. जो तो विकायच्या मागे होता, करणारं कोणी उरलं आहे का हे बघायला कोणाला वेळ नव्हता.

हरबाजीनं पहिला उपाय काय काढला, तर घरोघरची जुनी लुगडी गोळा केली. जुनी द्या, नवं विलायती न्या, अशी हाळी त्यानं अमरावतीपासून अकोल्यापर्यंत गावोगाव दिली. बायका धावल्या. पेटीच्या तळाशी जपलेली, आजीची, पणजीची, सगळी लुगडी बाहेर निघाली. आमच्या तीळफुल्या त्यात शेकड्यांनी गेल्या. त्या फाडून, एकाला एक शिवून रुईचे गठ्ठे बांधले आणि बंड्यांवर चढवले. एका बंडीच्या मागच्या बाजूला किनार वर आलेली मी पाहिली, चिखलाचे शिंतोडे उडालेली. सासऱ्यांना ते सांगितलं नाही.

तेवढ्यानं भागलं नाही तेव्हा शेट आमच्या आळीत आला. मारुतीच्या ओट्यावर सगळ्यांना जमवलं. पागोटं नवं होतं, आवाजही नवा होता.

"तागाचं बारदान विना," तो म्हणाला. "दिवसा विना, रातच्यानं विना, जेवढं होईन तेवढं मी घेतो. पन माग अकोल्याले आना. ताग तिथं, रुई तिथं, इथून नेत-आनत कोन बसंन? मी छप्पर टाकून देतो. साऱ्याइनं बिऱ्हाडं घेऊन चला."

सासरे म्हणाले, "आमी लुगडी विनतो, हरबाजी. गोनपाट विनत नाही."

"लुगडी विना ना मंग. कोन नाही म्हन्ते?" हरबाजी म्हणाला. "सूत कुठून आनता ते सांगा."

आळीतली पोरं भुकेली होती. एकेक जण हो म्हणत गेला, शेवटी आमचे हेही म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही. दोष देते त्या दिवसाला, ज्या दिवशी साऱ्या मुलखात नाव असलेला विणकर आपल्याच पोटावर येणाऱ्या मालासाठी गोणपाट विणायला निघाला. कारण ते बारदान कशाला हवं होतं? आपला कापूस कापूसच राहून बाहेर जावा म्हणून. तोच इथं राहिला असता तर कातणारीला काम होतं, खळ पाजणारीला होतं, मला होतं, विणणाऱ्याला, रंगाऱ्याला, धुणाऱ्याला आणि शेवटी हरबाजीच्या गाठोड्यालाही होतं. कापूस विकून एक घर वर्षभर माजतं. त्याचं कापड केलं तर आळीच्या आळी पिढ्यानपिढ्या जेवतात, आणि एवढी तोंडं जिथं जेवतात त्याला मी सुबत्ता म्हणते. मास्तर म्हणतात याला अर्थशास्त्र म्हणतात. म्हणोत, मला ते कोणी शिकवलं नाही, उपाशी पोटी ते आपोआप समजतं.

तागाची सुतळी जाड, ती आमच्या बारीक फणीत मावायची नाही. म्हणजे फणी आणि वई मागावरून उतरवणं आलं. सासूनं वई ओवल्यापासून असं आमच्या घरात झालेलं नव्हतं. दारात हरबाजीची बंडी उभी, गडी घाई करतो, मी भांडीकुंडी बांधते आहे. ह्यांनी वई आणि फणी दशांसकट जपून काढली, एक धागाही निसटू दिला नाही. गुंडाळी केली, जुन्या धोतरात बांधली आणि आढ्याला टांगली. सासऱ्यांनी खालून हात जोडले. आम्हाला वाटलं, जपून ठेवलं.

पण त्या दशांना ज्वारीची खळ होती. माग रोज चालतो तेव्हा त्याला काही होत नाही, बाजूला माणसं असतात, खटखट असते, मांजर असतं. बंद घरात टांगायचं तर खळ आधी धुऊन काढायला पाहिजे. हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण दशा मागावरून कधी उतरायच्याच नाहीत. जे काम कधी थांबलंच नाही ते थांबवायचं कसं, हे आम्हाला कोण शिकवणार? आळीतल्या साऱ्या घरांनी तेच केलं. साऱ्यांच्या किनारी खळीसकट आढ्याला टांगल्या आणि साऱ्यांनी कुलपं लावली.

अकोल्याचं ते छप्पर म्हणजे चार कुडं आणि वर कापसाच्या पऱ्हाटीचं शाकार. खाली खड्डे खणून माग लावले. तागाची कुस श्वासात जायची, म्हातारे खोकून बेजार झाले. मला तिथं सांधणीचं काम म्हणून नव्हतंच. सुतळीला सुतळी गाठ मारायची, बस. गाठ कोणालाही मारता येते. त्या खरखरीत सुतळीनं माझ्या बोटांची टोकं आधी फुटली आणि मग राठ झाली. एकदा एक साहेब छप्पर बघायला आला. उन्हाळा चिखलदऱ्याला काढून आलेला, तोंड लालबुंद. हरबाजी त्याच्या मागेमागे, हात बांधून. साहेबानं बारदान चिमटीत धरून पाहिलं आणि दुभाष्याकडून सांगितलं की तुम्ही लोक फार मोठं काम करता आहात, तुमच्या या कामावर विलायतेतल्या गिरण्या चालतात.

सासरे दुभाष्याला म्हणाले, "त्याले इचार, आमचे माग कोनाच्या कामावर चालतीन?"

दुभाष्यानं ते सांगितलं नाही. साहेब हसून पुढं गेला आणि हरबाजीनं दिवसभर सासऱ्यांशी बोलणं टाकलं.

मग अमेरिकेतली लढाई संपली. बातमी आली तेव्हा मी ताग भिजवत होते. काल ज्या रुईसाठी माणसं एकमेकांची डोकी फोडत होती तिला आज कोणी विचारेना. भरलेल्या बंड्या वाटेतून परत आल्या. आमचं बारदान घातलेले गठ्ठे छपराबाहेर पडून राहिले, गुरं त्यांना अंग घासायची. हरबाजी शेट एक दिवस दिसेनासा झाला. शिसवी पलंग विकायला निघाले, ते घ्यायला कोणी नव्हतं, आणि चांदीच्या शेंब्या उतरवताना बैलांनी मान हलवली म्हणून माणसांनी बैलांना मारलं. मला त्यांची दया आली नाही. बैलांची आली.

आम्ही मागाची लाकडं डोक्यावर घेऊन अमरावतीला परतलो. सगळे रडवे झाले होते, पण खरं सांगते, मी खुशीत होते. कापसाला कोणी विचारत नाही म्हणजे कापूस स्वस्त झाला, म्हणजे चंद्री परत कातेल. कातलंही तिनं, घट्ट्यांच्या बोटांनी, पहिल्यासारखं नाही पण कातलं. मी खळ शिजवली, ताणा तयार केला, राख चाळून ठेवली. ह्यांनी खड्डा साफ केला. मग आढ्यावरची गुंडाळी खाली घेतली आणि मांडीवर सोडली.

फणी होती. वईच्या काठ्या होत्या. मधली सुतं उंदरांनी खाल्ली होती, फासही कुरतडले होते. धोतराच्या घडीतून भुसा पडला, तेवढंच. हे काठी हातात धरून बसले. मी सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी माझ्याकडे.

"सूनबाई, तुले ओवता येते का?" त्यांनी विचारलं.

"साधं येईन," मी म्हटलं. "फूल नाही येत."

"मले बी नाही येत," ते म्हणाले. जन्मभर त्यांनी ते फूल विणलं होतं. पाय कधी दाबायचा ते त्यांना झोपेतही यायचं. पण फास कुठला, ते त्यांच्या बायकोलाच ठाऊक होतं. पलीकडच्या घरातून रडण्याचा आवाज आला, तिथंही गुंडाळी सोडली होती.

पण मी हार मानणारी नाही. लुगडं जर हातात आलं तर उसवून, धागा धागा मोजून फूल परत बांधता येईल, हे मला कळत होतं. एक जुनी तीळफुली मिळाली की झालं. मी गावोगाव फिरले. ज्या घरी आमची लुगडी गेली होती ती घरं मला माहीत होती. एकेकीच्या दारात उभी राहिले, आणि प्रत्येकीचं एकच उत्तर, "हरबाजीले देलं ना." ती पाटलीणही भेटली. तिच्या आजेसासूच्या दोन तीळफुल्या होत्या, दोन्ही दिल्या होत्या. "जुनीच होती, काय करता ठेवून," म्हणाली. मी तिला जे बोलले ते मास्तर लिहिणार नाहीत.

आमच्या घरी साधी काठाची, बिनफुलाची धोतरं निघायला लागली. तशी विलायती धोतरं बाजारात ढिगानं होती आणि आमच्याहून स्वस्त. आळीतले बरेच जण मजुरीला लागले. सासरे ओट्यावर बसून असायचे, कोणी तीळफुली विचारायला आलं तर उठून आत जायचे.

काही वर्षांनी हरबाजी परतला. शेट राहिला नव्हता, पण अशी माणसं पाण्यात पडली तरी तरंगतात. त्यानं अमरावतीच्या बाजारात विलायती कापडाचं दुकान टाकलं. एके दिवशी मी मीठ घ्यायला गेले होते, दुकानावरून जाताना सहज नजर गेली आणि पाय थांबले. फळीवर लुगड्याची घडी होती आणि घडीवर तीळफूल होतं. तेच लांबट, तोंडाशी उमललेलं. मधला वेलही तोच.

मी वर चढले. "हे कुठचं, हरबाजी?"

"विलायती," तो म्हणाला. मला ओळखलं होतं त्यानं, पण डोळ्याला डोळा दिला नाही. "नवीन किनार हाय. साहेबलोकाइची अक्कल पाहा, बाई. आपल्या इथं असं कोनाले जमते?"

ज्याच्या बापानं हीच किनार खांद्यावर वाहून पोट भरलं, तो हे बोलत होता. आमच्या लुगड्यांत बांधून गेलेली रुई तिकडे कोणीतरी सोडली असेल, कोणा हुशार माणसानं ती किनार कापून बाजूला ठेवली असेल. मी हात पुढं केला. त्यानं घडी मागे ओढली. "घडी मोडली की घ्या लागते," म्हणाला. हा दुकानांचा नेम होता, तेव्हाही आणि आताही.

मी त्याच्याशी भांडायला हवं होतं. पण माझ्या मनात एकच होतं, हे उसवलं तर धागे मोजता येतील. फूल कसंही का फिरून आलं असेना, परत आलं होतं. मिठाचं राहू दिलं, घरी जाऊन पैसे आणले आणि लुगडं घेतलं.

घरी सासरे, हे आणि मी, तिघं बसलो. मी सुई काढून ठेवली, ताणा मोजायला खडे मांडले. सासऱ्यांनी घडी आपल्या हातानं मोडली. किनारीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग लुगडं पालथं केलं.

पालथं अंग कोरं होतं. फूल विणलेलं नव्हतंच, वरून छापलेलं होतं. आत साधं सूत, आडवं-उभं, मोजण्यासारखं काही नाही. सासऱ्यांच्या अंगठ्याला तांबडा रंग लागला होता. त्यांनी तो धोतराला पुसला आणि उठून ओट्यावर गेले.

पहिल्याच धुण्यात फुलं गेली. लुगडं मात्र फाटेपर्यंत मी नेसले. घरात दुसरं नव्हतं.